सोळा फुटी हॉलचे टेकू

गुरुसिद्धप्पा गवंडी बिनकारणाचा चिडतो असं गावात म्हणतात. हे खोटं आहे. त्याच्या चिडण्याला कारण असतं, फक्त ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. वीट भिजवली नाही, वाळू चाळली नाही, ओळंब्याला भिंत दोन सूत बाहेर निघाली की हा पेटला. हाताखालच्या माणसाला बोलतो, घरमालकाला बोलतो, मालक जागेवर नसला तर भिंतीलाच बोलतो. वय छप्पन, अंगानं काटकुळा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे आणि जिभेवर कायम एक शिवी तयार. तरी सास्तूरच्या आसपासच्या गावांत स्लॅब टाकायचा म्हटलं की लोक आधी त्याच्याच दारात येतात, बोलणी खातात आणि काम त्यालाच देतात.

औंदा तो जास्तच चिडला होता. सुरुवात झाली चौकातल्या चहाच्या हॉटेलात.

दिवाळी होऊन गेली होती. कसल्याशा पाहणीचा एक साहेब गावात आला होता. तरणाताठा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. गावाची आर्थिक परिस्थिती कशी आहे ते त्याला भरून न्यायचं होतं. सरपंच रणधीर शेजारी बसून उत्तरं देत होता. पीकपाण्याचं झालं, दुधाचं झालं, मग साहेबानं विचारलं, "तीन वर्षांत नवी घरं किती झाली?"

"बत्तीस," रणधीर छाती काढून म्हणाला. "समदी स्लॅबची. पत्र्याचं एक न्हाय."

"वा! म्हणजे गाव चांगलंच वर आलंय. पोटाचं भागल्याशिवाय कोण घर बांधतंय?" साहेबानं आकडा टाकला.

पलीकडच्या बाकड्यावर गुरुसिद्धप्पा बशीतला चहा फुंकत होता. त्यानं बशी खाली ठेवली. रणधीरनं ते बघितलं आणि त्याची छाती जागेवर आली.

"सायेब, त्या बत्तीसातली सव्वीस म्या बांधल्यात," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "उठा, दाखवतो. कुलपं मोजायची सोय हाय का तुमच्या त्या पाटीत?"

"कुलपं?"

"एकोणीस घरांना कुलूप हाय. उरलेल्या तेरात म्हातारा-म्हातारी. पोरं पुण्याला, चाकणला, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं-चौघं झोपायल्यात. आन हितं चार-चार खोल्यांत कबुतरं अंडी घालायल्यात. गाव वर आलंय मनं!"

"मग बांधतात कशाला?"

"लग्नासाठी! स्लॅब बघितल्याबिगर कुणी पोरगी देत न्हाय. पत्र्याचं घर मनलं की पाव्हणे जीपीतून पाय खाली टाकत न्हायत. मग रान इका, बैलं इका, पर स्लॅब टाका. लग्न झालं की जोडी पुण्याला आन घराला कुलूप. ह्याला काय मनताव तुमी? त्यात रकाना हाय का ह्याचा?"

साहेब हसला. "आजोबा, आम्हाला फक्त संख्या भरायची असते."

"भरा मग. माझ्या म्हशीचा गोठा बी धरा, तेहतीस व्हतील."

हॉटेलवाला खदखदला. रणधीर साहेबाच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनावर घेऊ नका. भूकंपात डोक्याला मार लागलाय त्यांच्या."

डोक्याला मार लागलेला नव्हता.

गुरुसिद्धप्पाचा बाप कल्याणप्पा हाही गवंडीच. जुन्या गावात दगड-मातीच्या अडीच-अडीच हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं तो बांधायचा. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. कल्याणप्पाची भिंत म्हणजे तीन पिढ्यांची बेगमी, असं लोक कौतुकानं बोलायचे. त्र्याण्णव साली, गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाट व्हायच्या आत त्या भिंती पोटातून फुटल्या. कल्याणप्पा रानात राखणीला होता म्हणून वाचला. गुरुसिद्धप्पा चोवीस वर्षांचा, अंगणात झोपला होता म्हणून वाचला. त्याची आई आणि पाठचा भाऊ घरात होते. त्यांच्यावर पडलेली भिंत कल्याणप्पानंच रचलेली होती.

ढिगारे उपसताना एकानं कल्याणप्पाच्या तोंडावर म्हटलं, "तुमच्या भिंतीनं मारलं आमाला." म्हाताऱ्यानं पुढं थापी हातात धरली नाही. त्यानंतर अकरा वर्षं तो जगला आणि अकराही वर्षं छपराखाली झोपला नाही. पावसात बाजेवर प्लास्टिक ओढून पडायचा. सून रुद्रम्मा आत या म्हणून काकुळतीला यायची, तेव्हा कानडीत एकच शब्द, "बेडा." नको.

नवं गाव उठवायला इंजिनियर आले. कामावरच्या गवंड्यांना त्यांनी शिकवलं की भिंतीला जोत्यावर आणि खिडक्यांच्या डोक्यावर सळयांचा पट्टा बांधायचा, म्हणजे हादरा बसला तरी चारी भिंती एकमेकींना धरून राहतात. गुरुसिद्धप्पानं ते एखाद्या मंत्रासारखं पाठ केलं. सिमेंट किती, पाणी किती, टेकू किती दिवस, यातलं काहीही तो तेव्हापासून अंदाजानं करत नाही. आपण हात लावलेल्या घरानं कुणाचा जीव घेऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. ते गोड बोलून सांगायला त्याला जमत नाही, म्हणून तो शिव्या देऊन सांगतो.

म्हशीचा गोठा सोडून, खऱ्या तेहतिसाव्या घराची गोष्ट अशी.

दगडोबा आणि गजराबाई हे जोडपं पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचं. त्यांचा योगीराज चाकणला कंपनीत. एकोणतीस सरून तिसावं लागलेलं. चार स्थळं पत्र्याकडं बघून माघारी गेली होती. पाचवं आलं भूमचं. पोरगी हर्षाली, बीएस्सी झालेली. तिच्या बापानं निरोप धाडला की पोरगा पसंत आहे, आता घर बघून बोलू. दगडोबानं दसऱ्याला पाया खोदला.

घराचा नकाशा योगीराजनं मोबाईलवर पाठवला. पुढं सोळा फुटी हॉल. मधे खांब नको, खाली लोंबणारी तुळई पण नको, टीव्हीच्या भिंतीला शोभत नाही म्हणे. गुरुसिद्धप्पा फोनवर तीन दिवस भांडला. शेवटी स्लॅब जाड करीन, सळई दाट बांधीन आणि ओल्या स्लॅबखालचे टेकू एकवीस दिवस ठेवीन, एवढ्यावर तो तयार झाला. "व्हय व्हय आप्पा, तुमी मनाल तसं," योगीराज म्हणाला. अशा वेळी सगळेच म्हणतात.

स्लॅब पडला. मिक्सर घरघरला, सोळा माणसं घमेली घेऊन चढली-उतरली, दगडोबानं सगळ्यांना शिरा-भाताचं जेवण घातलं. गुरुसिद्धप्पानं वर मातीची आळी बांधून पाणी कोंडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून थंडी अशी पडली की सकाळी त्या पाण्यात हात घालवेना.

चार दिवसांनी भूमचा फोन आला. येळवशीच्या आदल्या दिवशी घर बघायला येतो. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जाऊन भज्जी-आंबील खातं, आणि ती झाली की पौष लागतो. पौषात सोयरीक कुणी बोलत नाही. महिनाभर थांबायचं म्हणजे पोरगी दुसऱ्या दारात गेली असं समजायचं.

दगडोबानं बोटं मोजली. येळवशीच्या आदल्या दिवशी स्लॅबला नऊ दिवस होत होते. तो गुरुसिद्धप्पाच्या दारात आला.

"आप्पा, नुस्तं हॉलमधलं काढा. बाकीच्या खोल्यांतलं राहू द्या. पाव्हण्याला आत उभं राहायला जागा तर पायजे का न्हाय?"

"अंगणात उभं करा."

"आवो, घर बघायला यायल्यात ते! टेकू बघायला न्हाय!"

"मग त्याच्यापुढं बारा दिवसांनी या मना."

"पौष लागतोय आप्पा."

"पौष तुमच्या पंचांगात हाय, दगडोबा. सिमेंटला पौष कळत न्हाय. त्याला थंडी कळती. ह्या थंडीत ते निम्मं बी वाळलं नसंल."

रुद्रम्मा आतून चहा घेऊन आली तरी दगडोबा घ्यायला थांबला नाही. तो गेला तोच लोहाऱ्याचा सेंट्रिंगवाला शिवकुमार याचा फोन. स्लॅबला खालून धरणाऱ्या लोखंडी प्लेटा आणि टेकू त्याचे होते. "आप्पा, माल कवा मोकळा व्हतोय? तीन स्लॅब अडल्यात माझे. समद्यांनाच पौषाच्या आत पायजे. लई सीझन हाय औंदा."

"तुझ्या सीझनला आग लाव," गुरुसिद्धप्पा म्हणाला आणि फोन ठेवला.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी गाव ओळखू येत नव्हतं. पुण्याच्या गाड्या येऊन लागल्या होत्या. कुलपं निघाली होती, कबुतरं हाकलली होती, बाया ओट्यांवर भज्जीची भाजी निवडत होत्या. गुरुसिद्धप्पा स्लॅबला पाणी मारायला निघाला आणि दगडोबाच्या घराजवळ येताच त्याला आतून हातोड्याचा आवाज आला.

तो पळाला. छप्पन वर्षांचा माणूस, पायात एकच चप्पल राहिली.

हॉलमध्ये योगीराज पांढरा शर्ट घालून उभा होता. शिवकुमारची दोन माणसं टेकू ठोकून काढत होती. बरोबर मधले चार निघाले होते, वरच्या दोन प्लेटा खाली आल्या होत्या. पाचव्या टेकूवर हातोडा उचललेला होता.

"हात खाली घे!" गुरुसिद्धप्पा असा ओरडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "कुणी सांगितलं रं तुमाला?"

"म्याच सांगितलं," योगीराज म्हणाला. "आप्पा, यूट्यूबवर बघितलं मी. सात दिवसांत काढता येतं."

"यूट्यूबवाल्याचा हॉल किती फुटी हाय? त्याच्या गावात थंडी किती पडायली? त्यानं तुळई सोडली व्हती का तुझ्यासारखी, टीव्हीला शोभत न्हाय मनून?"

"दोन तासांचा तर प्रश्न हाय. पाव्हणे गेले की परत लावा."

"परत लावा! खाली बसलेला स्लॅब टेकू लावल्यावर वर उठतो का? म्हातारा हाय का तो, काठी दिली की उभा राहायला?"

आणि तो चालत त्या मोकळ्या जागेत, बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. "मारा आता पाचवा. म्या हितनं हालत न्हाय."

शिवकुमारच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं, हातोडे खाली ठेवले आणि मालकाला फोन करतो म्हणून बाहेर गेली. ती परत आली नाहीत.

योगीराजचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्यापायी माझं लग्न मोडलं तर?"

"मोडू दे. मोडलेलं लग्न कुणाच्या छातीवर पडत न्हाय."

मग त्यानं मान वर केली. प्लेटा काढलेल्या जागी कोवळं, ओलसर सिमेंट उघडं पडलं होतं. त्यात केसाएवढी एक चीर गेली होती, हातभर लांब. शिडी ओढून तो वर चढला आणि तिच्यावरून नख फिरवलं. गजराबाई मागच्या दारानं पाव्हण्यांसाठी नव्या कपबशा घेऊन येत होती. तो काय बघतोय ते तिनं बघितलं.

"काय हाय ते, आप्पा?"

"चीर."

त्यानं पुढं शिवी दिली नाही. गजराबाईला त्याची भीती वाटली ती तेव्हा. त्यानं चारही टेकू एकट्यानं उभे केले, खाली पाचरी ठोकल्या, आणि घामानं भिजून दारात जाऊन बसला.

अकराला भूमची जीप आली. पोरीचा बाप, चुलता आणि आत्या द्वारकाबाई. सरपंच रणधीर पुढं होऊन दार दाखवत होता. द्वारकाबाई उंबऱ्यातच थबकली.

"अगं बया! घर हाय का बाभळीचं बन?"

"दोन दिवसांत मोकळं व्हतंय, आत्याबाई," रणधीर म्हणाला. "नुस्ता डोळ्यांपुढं सोफा आणा. हितं टीव्ही, हितं शोकेस."

"बारा दिवसांनी व्हतंय," दारातून गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"ह्यो कोण?"

"गवंडी हाय आमचा. वयामानानं जरा..." दगडोबानं हातानंच बाकीचं सांगितलं.

पाव्हणे टेकूंमधून वाकून वाकून आत शिरले. चुलत्याच्या टोपीला गंज लागला. द्वारकाबाईनं मोबाईल काढून भाचीला व्हिडिओ लावला आणि फोन चारी बाजूंनी फिरवला. "बग गं हर्षाली, हॉल बग. टेकू निघाल्यावर लई मोठा वाटंल."

फोनमधून पोरीचा आवाज स्वच्छ आला. "आत्या, तिथं राहणार कोण हाय? मला चाकणची खोली दाखवायला सांग. राहायचं तर मला तिथं हाय ना?"

योगीराज शर्टाची बाही खाली-वर करत राहिला.

गुरुसिद्धप्पा उठला. "ऐकलं का? ऐकलं का दगडोबा? तुमच्या घरात शहाणी बोलणारी एक निघाली, ती पण भूममधून! आवो पाव्हणे, सकाळी तुमच्यासाठी टेकू काढायले व्हते हे. तुमाला मोकळं दिसावं मनून. चीर पडलीय वर. तुमी दोन तास बघणार, चहा पिणार, जीपीत बसणार. पोरगा चाकणला. पोरगी चाकणला. आन ह्या चिरेखाली रोज झोपणार कोण? ही गजराबाई! हिला इचारलं का कुणी हॉल किती फुटी पायजे?"

"आप्पा, बास!" रणधीर म्हणाला.

"तू बोलू नको. तुला आकड्यात घर पायजे, ह्यांना लग्नात घर पायजे, शिवकुमारला प्लेटा पायजेत. राहायला घर कुणालाच नको का?"

पोरीच्या बापानं चष्मा पुसला. "आमी कळवतो," म्हणाला. नव्या कपबशांतला चहा कुणी प्याला नाही.

जीप वळणाआड गेली आणि दगडोबानं तोंड उघडलं. तीस वर्षांच्या ओळखीत बोलला नाही तेवढं बोलला. "माझ्या पोराचं वाटोळं केलंव तुमी! बापाच्या भिंती पडल्या त्याचा सूड आमच्यावर काढायलाव! उद्यापसून माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

बापाचं नाव निघाल्यावर गुरुसिद्धप्पाचा हात कमरेच्या थापीकडं गेला होता. योगीराज मधे आला. पण बोलली ती गजराबाई. आयुष्यभर तिनं नवऱ्यापुढं आवाज चढवलेला नव्हता आणि त्या दिवशीही चढवला नाही.

"टेकूला कुणी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "एकवीस दिवस मनल्यात ते एकवीस. त्या शिवकुमारला सांगा, प्लेटा पायजेत तर आधी मला उचलून न्ये." आणि तिनं पदर खोचला, पाण्याची नळी उचलली आणि शिडी चढून स्लॅबवर गेली.

पुढचे बारा दिवस गुरुसिद्धप्पा त्या दारात गेला नाही. रोज सकाळी रस्त्यावरून जाताना थांबायचा, खिडकीतून टेकू मोजायचा, आणि गजराबाई वर पाणी मारताना दिसली की एक शिवी हासडून पुढं जायचा. शिवी कुणाला होती ते तिला कळायचं. शिवकुमार दोनदा टेम्पो घेऊन आला. दोन्ही वेळा गजराबाई हॉलच्या दारात बाज टाकून बसली होती. पौष लागला. भूमचा निरोप आला की पोरीला पुण्यात स्वतःचा फ्लॅट असलेला मुलगा बघतो आहोत. टेकूचं नाव निरोपात कुठंच नव्हतं. दगडोबा तो निरोप ऐकून दिवसभर पत्र्याखाली पडून राहिला. योगीराज त्याच्या आधीच चाकणला गेला होता.

एकविसाव्या दिवशी गजराबाईनं स्वतः येऊन गुरुसिद्धप्पाला बोलावलं.

दगडोबा ओट्यावर बसला होता. तो या म्हणाला नाही आणि जा पण म्हणाला नाही. गुरुसिद्धप्पानं मधल्यापासून सुरुवात केली. एक टेकू ढिला करायचा, कान लावायचा, मग पुढचा. दोन तास गेले. शेवटचा निघाला तेव्हा सोळा फुटी हॉल खरोखरच मोठा दिसला. स्लॅब जागेवर होता. चीर पण जागेवर होती, हातभर, तेवढीच.

"पीओपी मारली की दिसत न्हाय मनं ती," दगडोबा बाहेरून म्हणाला. "योगी फोनवर मनत व्हता."

"खबरदार झाकाल तर!" गुरुसिद्धप्पा असा गरजला की रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला. "झाकून झाकूनच मेलो आमी! बापाच्या भिंतीला बी वरून चुना व्हता, आत काय हाय ते कुणाला दिसलं?"

त्यानं घमेल्यात मूठभर सिमेंट कालवलं. शिडी लावली, चिरेच्या बरोबर मधे, आडवा, चार बोटं रुंद पातळ लेप दिला आणि थापीच्या टोकानं त्यावर तारीख कोरली. खाली उतरून गजराबाईला म्हणाला, "वैनी, हे रोज सकाळी बघायचं. लेप हाय तसा राहिला तर चीर झोपलीय असं समजा. लेप तडकला तर दगडोबाला, योग्याला, सरपंचाला, कुणालाच इचारू नका. बाज उचला, बाहेर पडा आन मला हाक मारा."

गजराबाईनं मान वर करून तो लेप बराच वेळ बघितला. मग आत गेली, बाज उचलून आणली आणि हॉलमधून न थांबता ओट्यावर नेऊन टाकली. दगडोबाला सरकावं लागलं.

"महिनाभर बघते," ती म्हणाली. "मग ठरवते आत झोपायचं का ते."

गुरुसिद्धप्पानं थापी धुतली. फाटकाबाहेर गेल्यावर तो रस्त्यानं एकटाच मोठ्यानं बोलत गेला. लोहाऱ्याला शिवकुमारचे अडलेले तीन स्लॅब आता ह्याच प्लेटांवर पडणार होते, आणि त्यांचे टेकू कितव्या दिवशी काढतात ते त्याला जाऊन बघायचं होतं.